गाय बसली तिथे

एक भाऊ बहिणीला शोधायला निघतो आणि त्याच्या हातून शहर वसतं. बहीण मात्र सापडत नाही. ग्रीसमधल्या थीब्जची जन्मकथा वाचताना मला दर वेळी हेच आधी खुपतं. जिच्यासाठी एवढी पायपीट झाली ती युरोपा अर्ध्या वाटेवरच मागे राहते आणि पुढे तिचं नावही कुणी काढत नाही.

कथा अशी आहे. फिनिशियातल्या, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या, टायर नगरीचा राजा अजीनॉर. त्याची मुलगी युरोपा समुद्रकाठी खेळत असताना झ्यूस देखण्या बैलाचं रूप घेऊन येतो आणि तिला पाठीवर बसवून पाण्यात शिरतो. राजा मुलांना हुकूम करतो, बहिणीला घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. त्यातला कॅडमस भटकत भटकत डेल्फीला पोहोचतो आणि अपोलोला कौल लावतो. कौल मिळतो तो वेगळाच. बहिणीचा शोध सोडून दे, वाटेत एक गाय भेटेल, तिच्या मागोमाग जा आणि ती थकून जिथे बसेल तिथे शहर वसव. पॉसेनियस या ग्रीक प्रवासी लेखकानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ही कथा लिहून ठेवताना गाईची खूणही दिली आहे: दोन्ही कुशींवर पौर्णिमेच्या चंद्रासारखा पांढरा ठिपका. पेलगॉन नावाच्या माणसाच्या गुराख्यांकडून कॅडमसनं ती विकत घेतली, असंही तो सांगतो. दैवी गाईचेसुद्धा पैसे मोजले गेले, हा तपशील मला फार आवडतो.

गाय बिओशियाच्या सखल प्रदेशातून चालत राहिली आणि एका बुटक्या टेकडीवर बसली. तीच पुढे कॅडमिआ म्हणून ओळखली गेली. अथेन्सच्या वायव्येला, रस्त्यानं दीड तासाच्या आत पोहोचता येईल अशी ही जागा. (इजिप्तमध्ये नाइलच्या काठी याच नावाची आणखी प्रसिद्ध नगरी आहे; तिचा इथे संबंध नाही.)

पुढचा भाग पुष्कळांना माहीत असतो. गाय देवीला अर्पण करायची म्हणून पाणी हवं, पाणी आणायला गेलेल्या माणसांना झऱ्यावरचा नाग मारतो, कॅडमस त्या नागाला मारतो. तो नाग युद्धदेव एरीसचा. मग अथीनाच्या सांगण्यावरून कॅडमस नागाचे दात जमिनीत पेरतो आणि नांगराच्या त्या तासांमधून शस्त्रं घेतलेले पुरुष उगवतात. ते एकमेकांवर तुटून पडतात आणि शेवटी पाचच उरतात: एकिऑन, उडीअस, क्थोनिअस, हायपरीनॉर आणि पेलोरस. या पाचांच्या मदतीनं कॅडमस गड बांधतो. नाग मारल्याबद्दल त्याला एरीसची दीर्घकाळ चाकरी करावी लागते आणि ती संपल्यावर त्याच एरीसची मुलगी हार्मोनिया त्याला बायको म्हणून मिळते. लग्नाला सगळे देव येतात. ज्याचा नाग मारला त्याचाच जावई होणं, हे सगळं वैर आणि सगळी सोयरीक थीब्जच्या पायात पहिल्या दिवसापासून गाडलेली आहे. पुढे ईडिपसच्या घराण्यात जे घडलं ते वाचताना हे विसरता येत नाही. मराठी रंगभूमीवरही ईडिपस आणि अँटिगनी येऊन गेले. त्यांची शोकांतिका आपल्याला ओळखीची आहे, पण ती ज्या गावात घडते त्या गावाची सुरुवात आपण सहसा विचारत नाही.

मला या कथेत गुंतवून ठेवते ती तिच्यातली एक सरळ कबुली. आमचा संस्थापक बाहेरचा होता, असं हे शहर स्वतःहून सांगतं. ग्रीक नगरांना हे सांगणं सोपं नव्हतं. अथेन्सवासीयांना अभिमान होता तो आपण याच मातीतून उपजलो, कुठून आलो नाही, याचा. प्लेटोच्या एका संवादात येणाऱ्या भाषणात तर इतर नगरांना टोमणाच आहे: पेलॉप्स, कॅडमस, डॅनाउस यांची वंशावळ सांगणारे लोक जन्मानं परके आणि रीतीपुरते ग्रीक, आम्ही मात्र निर्भेळ. थीब्जवाल्यांनी हा टोमणा ऐकला असणारच. तरी त्यांनी कॅडमस टाकला नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या: शहर वसवणारा समुद्रापलीकडून आलेला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून भिंत उभारणारे पाच जण याच जमिनीतून उगवलेले. थीब्जच्या मोठ्या घराण्यांनी स्वतःला त्या पाचांचे वंशज मानलं. इ.स.पू. 362 मध्ये मँटिनिआच्या लढाईत थीब्जचा सेनापती एपामिनोंडस पडला, तेव्हा त्याच्या थडग्यावर उभ्या केलेल्या ढालीवर नाग कोरला होता, तो याच कुळाची खूण म्हणून.

आता गंमत अशी की होमरला ही गोष्ट अशी ठाऊक दिसत नाही. कॅडमसचं नाव त्याला माहीत आहे, थीब्जच्या लोकांना तो ‘कॅडमीय’च म्हणतो. पण ओडिसीच्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात ओडिसिअसला अँटायपी नावाची स्त्री भेटते आणि तिथे कवी सांगतो, की तिच्या जुळ्या मुलांनी, अँफिऑन आणि झीथस यांनी, सात वेशींच्या थीब्जची पहिली स्थापना केली. तटबंदी नसती तर एवढे बलवान असूनही त्यांना त्या मोकळ्या मैदानात राहणं जमलं नसतं. म्हणजे हे दुसरे संस्थापक. इथले, स्थानिक, डोंगरावर टाकून दिलेले आणि गुराख्यानं वाढवलेले. झीथस दगड उचलून आणी आणि अँफिऑन वीणेसारखं वाद्य छेडी तसे दगड आपोआप सरकत येऊन तटात बसत, असं नंतरचे कवी सांगतात.

एका गावाला दोन जन्मकथा. प्राचीन लेखकांनाही हे अडचणीचं वाटलं. कुणी म्हणालं जुळ्यांचं शहर आधीचं, ते उद्ध्वस्त झालं, मग कॅडमस आला. कुणी उलट क्रम लावला: कॅडमसनं वरचा गड बांधला, जुळ्यांनी नंतर खालचं शहर जोडून तट घातला. पॉसेनियस हाच दुसरा क्रम देतो. आणि तो त्याहूनही मागे जातो. कॅडमसच्या आधी इथे एक्टीनी नावाचे लोक होते, त्यांचा राजा ओगिगस. ते साथीच्या रोगात संपले. मग हायन्टी आणि एओनी आले. कॅडमस फिनिशियन फौज घेऊन आला तेव्हा हायन्टी हरले आणि रातोरात पळून गेले. एओनींनी शरणागती पत्करली, आणि कॅडमसनं त्यांना राहू दिलं, आपल्या लोकांत मिसळू दिलं.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वहीत उतरवून घेतला होता. पुराणकथा म्हणजे एकच एक आरंभ सांगणारी, असं आपण धरून चालतो. इथे कथेलाच थर आहेत. प्रत्येक आलेल्या माणसाच्या आधी तिथे कुणीतरी होतं आणि त्यांचं काय झालं हे सांगितल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही: एक मेले, एक पळाले, एक राहिले.

थीब्जला आज थीवा म्हणतात. मी तिथे गेले ती अथेन्सहून आगगाडीनं. प्रवासी सहसा तिथे उतरत नाहीत, कारण बघायला उभं असं फार थोडं आहे. अथेन्सला अक्रोपोलिसचा डोंगर मोकळा आहे, मायसीनीला सिंहद्वार ओसाड माळावर आहे. थीब्जमध्ये मात्र प्राचीन शहराच्या नेमक्या डोक्यावर आजचं गाव नांदतं आहे. टेकडी तीच, उतार तेच, दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या डर्की आणि इस्मेनस या ओढ्यांच्या जागा त्याच. आपल्याकडे गावठाणाच्या उंचवट्याला पांढर म्हणतात, पिढ्यान् पिढ्या घरं पडून, राख आणि माती साचून झालेली. कॅडमिआ ही तशी ग्रीसमधली पांढर आहे. तिच्यावर माणसाची वस्ती इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापासून आहे आणि मधले मोठे पडझडीचे काळ धरूनही माणूस तिच्याकडे पुन्हा पुन्हा परतला आहे. रस्त्यांना नावं आहेत एपामिनोंडस, पेलॉपिडस, पिंडार, अँटिगनी. एपामिनोंडसच्या रस्त्यावर लोक कॉफी पीत बसलेले असतात आणि त्यांच्या खुर्च्यांच्या खाली कुठेतरी कांस्ययुगातला राजवाडा आहे.

त्यामुळे इथलं उत्खनन इतर ठिकाणांसारखं आखून, चौकोन पाडून होऊ शकलं नाही. कुणी घर पाडून नवं बांधायला घेतलं, पाया खणला, भिंत लागली, की काम थांबतं आणि पुरातत्त्व खात्याची माणसं येतात. मग काही महिने किंवा काही वर्षं तो तुकडा खणायचा, नोंदवायचा, आणि मग तो मोकळा ठेवायचा की बुजवून वर इमारत उठू द्यायची ते ठरवायचं. गेल्या शंभरेक वर्षांत असे पुष्कळ तुकडे उघडले गेले. राजवाड्याचा संपूर्ण नकाशा आजही कुणाजवळ नाही. एक खोली या प्लॉटमध्ये, तिची पुढची भिंत शेजारच्याच्या तळघराखाली. थीवाच्या रहिवाशांनी यासाठी सोसलेल्या खोळंब्याबद्दल मला आदर वाटतो. आपल्या घराच्या पायात इतिहास निघणं हे लांबून ऐकायला रम्य आहे. ज्याचं बांधकाम अडकतं त्याला ते तसं राहत नाही. त्यांनी वाट पाहिली म्हणून आपल्याला हे कळतं आहे.

पहिला मोठा तुकडा अँटोनिओस केरामोपुलोस यांनी 1906 पासून उघडायला घेतला. गावाच्या मध्यभागी, बाजाराच्या भागात, त्यांना जळून गेलेली मोठी इमारत सापडली. भिंतींवरच्या चित्रांचे तुकडे निघाले. ते जुळवल्यावर दिसली स्त्रियांची मिरवणूक, जवळजवळ खऱ्या उंचीच्या, झालरीचे घागरे नेसलेल्या, हातांत फुलं आणि डब्या घेतलेल्या. केरामोपुलोस यांनी या इमारतीला नाव दिलं ‘कॅडमसचा वाडा’. या नावामागे पॉसेनियस होता. त्याला थीब्जकरांनी गडावरच्या चौकात नेऊन सांगितलं होतं, इथे एकेकाळी कॅडमसचं घर होतं. हे हार्मोनियाच्या शयनगृहाचे अवशेष, हे सेमिलीचं, आणि या जागेत माणसानं पाऊल टाकायचं नाही.

सेमिली म्हणजे कॅडमसची मुलगी, डायोनिससची आई, झ्यूसच्या विजेनं जळून गेलेली. तिच्या खोलीचे जळके अवशेष लोकांनी पवित्र म्हणून राखले होते. युरिपिडीसच्या एका नाटकात, पॉसेनियसच्या साडेपाचशे वर्षं आधी, डायोनिसस रंगमंचावर येतो आणि आईच्या घराचे अजून धुमसणारे अवशेष दाखवतो. मग मला हा प्रश्न पडतो: राजवाडा इ.स.पू. 1200 च्या आसपास खरोखर आगीत पडला. त्या जळक्या भिंतींचा काही भाग पुढे शतकानुशतकं उघडा दिसत होता का? विजेची कथा त्या काजळीवरून आली का? याला पुरावा नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण एखाद्या गावात सर्वांत मध्यावरची जागा मोकळी, जळकी आणि अस्पर्श राहते, तेव्हा तिच्याभोवती गोष्ट साचणारच. पिंडारच्या रस्त्यावर मी त्या जागेच्या कुंपणाबाहेर उभी होते. आत गवत वाढलेलं, दगडांच्या बुटक्या रांगा, चारी बाजूंना इमारतींच्या गॅलऱ्या. आजही आत पाऊल टाकायची परवानगी नाही, कारण मात्र वेगळं आहे.

मग 1963 साल आलं. निकोलाओस प्लाटोन आणि एव्ही तुलूपा यांच्या देखरेखीखाली खणताना राजवाड्याच्या आणखी एका भागात निळ्या दगडाचा साठा सापडला: लाजवर्दाचे मणी, आणि बोटाच्या पेरांएवढ्या दंडगोलाकार मुद्रा, तीसहून अधिक. ओल्या मातीवर लाटल्या की चित्र उमटतं अशा या मुद्रा मेसोपोटेमियाची खास वस्तू. काही सायप्रसमध्ये घडवलेल्या किंवा तिथे पुन्हा कोरलेल्या. बाकीच्यांवर बाबिलोनी देव, आणि कीलाक्षरांत लेख. एका मुद्रेचा मालक किदिन-मार्दुक, बाबिलोनचा राजा बुर्ना-बुरियाश याचा अधिकारी. हा राजा इ.स.पू. चौदाव्या शतकातला, इजिप्तच्या अखेनातनशी पत्रव्यवहार करणारा. आणि लाजवर्द आला तो आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. बदख्शानातून बाबिलोन, बाबिलोनहून सायप्रस, तिथून समुद्रमार्गे ग्रीस. एवढा प्रवास करून तो निळा दगड त्या टेकडीवर पोहोचला, जिथे कथेप्रमाणे पूर्वेकडून आलेला एक राजपुत्र गाईमागून चालत आला होता.

कॅडमस खरा निघाला, असं तेव्हा काहींना वाटलं यात नवल नाही. मोह मलाही कळतो. पण नीट पाहिलं तर हा पुरावा तसा बसत नाही. मुद्रा फिनिशियन नाहीत, बहुतेक बाबिलोनी आहेत. त्या थीब्जला आल्या तेव्हा थीब्ज शतकानुशतकं वसलेलं होतं; आरंभाशी त्यांचा संबंध नाही, त्या राजवाड्याच्या शेवटच्या पर्वातल्या आहेत. एडिथ पोराडा यांनी 1981 मध्ये या मुद्रांचा सविस्तर अभ्यास मांडला आणि एक तर्क केला: कॅसाइट, म्हणजे त्या काळच्या बाबिलोनी राजवंशाच्या, मुद्रांचं एकूण वजन जवळजवळ एक मिना, म्हणजे सुमारे अर्धा किलो भरतं, अश्शूरच्या तुकुल्ती-निनुर्ता राजानं बाबिलोन लुटल्यावर त्यातला हा नजराणा थीब्जच्या राजाला पाठवला असावा. हा तर्कच आहे, पण काय सुंदर तर्क आहे! कुणीतरी त्या मुद्रा अक्षरं वाचण्यासाठी नव्हे, तागडीत घालून दगड म्हणून पाठवल्या. थीब्जच्या कारागिराला किदिन-मार्दुकचं नाव वाचता येत नव्हतं. त्याला त्यातून दागिने करायचे होते, आणि त्याआधीच वाडा पेटला.

मला यातून एवढंच मिळतं आणि ते पुरेसं वाटतं: पूर्वेकडच्या जगाशी थीब्जचा संबंध कवींच्या कल्पनेतून आलेला नाही. तो होता, दाट होता, आणि पाठोपाठच्या पिढ्यांमधून होता. हा संबंध कुणा एका राजपुत्रानं एका दिवशी आणला, असं कथा म्हणते. जमीन तसं म्हणत नाही. पण परक्याला आपला म्हणायची थीब्जची जी तयारी कथेत दिसते, तिच्यामागे बंदरांवरून येणाऱ्या मालाची आणि माणसांची खरी वहिवाट असणार, असं मी मानते.

राजवाड्याच्या आतला रोजचा व्यवहार कळला तो मातीच्या पाट्यांवरून. 1921 मध्ये केरामोपुलोस यांना तेलाचे मोठे घडे सापडले होते, त्यांच्या अंगावर रंगानं काढलेली चिन्हं. ती लिपी कुणाला वाचता येत नव्हती. आपण आज तिला लिनिअर बी म्हणतो. 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदानं ती उलगडली आणि आतली भाषा ग्रीक निघाली, होमरच्या पाचशे वर्षं आधीची ग्रीक. घड्यांच्या मातीचं पृथक्करण झालं तेव्हा कळलं, की त्यातले पुष्कळ पश्चिम क्रीटमध्ये घडवलेले होते. पुढे 1964 आणि 1970 मध्ये थोड्या पाट्या मिळाल्या. त्यातल्या काहींत लोकर कुणाला किती द्यायची याचा हिशेब. 1982 मध्ये मातीचे छोटे शिक्के मिळाले, पन्नासहून अधिक, बोकड, डुकरं, मेंढ्या अशी एकेका जनावराची नोंद असलेले. काहींवर गावाचं नाव आहे: युबिआ बेटावरचं कॅरिस्टस, अमारिंथस. आणि काहींवर एकच शब्द, ‘थीब्जला’. कुठल्याशा मोठ्या जेवणावळीसाठी जनावरं गडाकडे हाकत आणली जात होती आणि प्रत्येकाबरोबर ही मातीची चिठ्ठी.

नोव्हेंबर 1993 मध्ये पेलॉपिडस रस्त्यावर पाण्याची नळवाहिनी टाकायला चर खणताना पाट्यांचा आणखी मोठा साठा लागला. पुढची दोन वर्षं वासिलिस अरावांतिनोस आणि त्यांचे सहकारी तिथे खणत होते. दोनशेहून अधिक पाट्या आणि तुकडे निघाले. जव, पीठ, दारू, ऑलिव्ह यांचं वाटप. घेणाऱ्यांत एक लॅसिडीमॉनचा, म्हणजे स्पार्टाच्या प्रदेशातला, माणूस, एक मिलेटसचा. घेणाऱ्यांत प्राणीही: कुत्रे, खेचरं, हंस, क्रौंच, आणि एक शब्द, ज्याचा अर्थ ‘सरपटणारे’ असा लावता येतो. नाग! थीब्जच्या गडावर नागांना शिधा! पाट्या प्रसिद्ध करणाऱ्या अभ्यासकांनी त्यांच्यामध्ये धरणीमातेचा आणि तिच्या मुलीचा पंथ वाचला. थॉमस पलाइमा आणि इतर अभ्यासकांनी त्याला जोरदार हरकत घेतली, की हे साधे शिधापत्रक आहे, ‘धरणीमाता’ म्हणून वाचलेला शब्द पीठ मळण्याशीही जोडता येतो. वाद मिटलेला नाही. मी संशय घेणाऱ्यांच्या बाजूची आहे. कथेत नाग आहे म्हणून पाटीत नाग वाचण्याची घाई होते, आणि मग पुढचा माणूस ती पाटीच कथेचा पुरावा म्हणून दाखवतो. पिठाचा हिशेब पिठाचाच असला तरी माझ्या दृष्टीनं तो काही कमी नाही. एका कारकुनानं ओल्या मातीवर दाणे मोजले, त्या पाट्या जपायच्या नव्हत्याच, वर्ष संपलं की पुन्हा चिखल व्हायच्या. आग लागली म्हणून त्या भाजल्या आणि टिकल्या.

आगीनंतर लिहिणं गेलं. थीब्ज निरक्षर झालं आणि काही शतकं तसंच राहिलं. पुन्हा अक्षरं आली ती वेगळी, फिनिशियनांकडून, इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो, ग्रीकांना अक्षरं मिळाली ती कॅडमसबरोबर आलेल्या फिनिशियनांकडून. थीब्जमध्ये इस्मेनिअन अपोलोच्या देवळात तिवयांवर कोरलेली ‘कॅडमीय अक्षरं’ आपण स्वतः पाहिली, असंही तो सांगतो. त्याचा काळ चुकला, लेखही बहुधा नंतर कुणी कोरलेले. पण अक्षरं कुठून आली ते त्यानं अचूक सांगितलं. थीब्जला सापडलेला एक छोटा कांस्यपुतळा आज बोस्टनमध्ये आहे, इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीचा. मांड्यांवर नव्या अक्षरांत लिहिलं आहे, की मँटिक्लसनं हा रुपेरी धनुष्याच्या अपोलोला वाहिला, देवा, बदल्यात काही चांगलं दे. पिठाच्या हिशेबापासून या नवसापर्यंत मध्ये पाचशे वर्षांची गप्पगार पोकळी आहे, आणि त्या पोकळीतून कॅडमसचं नाव तोंडोतोंडी पार झालं.

जुळ्यांचं काय, असा प्रश्न राहतो. गडाच्या उत्तरेला लागून एक टेकाड आहे, अँफिऑन-झीथसचं थडगं म्हणून प्राचीन काळापासून ओळखलं जाणारं. पॉसेनियस त्याबद्दल चमत्कारिक गोष्ट सांगतो. सूर्य वृषभ राशीत असताना टिथोरिआ गावाचे लोक इथली माती चोरायला येतात. ती नेऊन त्यांनी आपल्याकडच्या अँटायपीच्या थडग्यावर टाकली तर त्या वर्षी पीक त्यांचं येतं, थीब्जचं बुडतं. म्हणून थीब्जकर त्या दिवसांत तिथे पहारा ठेवतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला थिओडोरोस स्पिरोपुलोस यांनी हे टेकाड खणलं. आत दगडी फरशांची कबर होती, प्राचीन काळातच लुटलेली, पण सोन्याचे थोडे दागिने राहून गेलेले. सुरुवातीच्या कांस्ययुगातली, राजवाड्याच्याही हजारेक वर्षं आधीची. म्हणजे पॉसेनियसच्या वेळी ती दोन हजार वर्षांहून जुनी होती. आत कोण होतं ते थीब्जकरांना माहीत असणं शक्य नव्हतं. इथे कुणीतरी फार आधीचं आहे, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते बरोबर होतं. सगळ्या थीब्जमध्ये माझ्या मनात घर करून आहे ती ही जागा. दोन जन्मकथांपैकी होमरनं ‘पहिली’ म्हटली ती जुळ्यांची, आणि जमिनीतही जुळ्यांच्या नावचं टेकाडच जुनं निघालं. योगायोग असेल. मी तो योगायोग म्हणूनच सांभाळून ठेवला आहे.

असंच आणखी एक थडगं डर्कीचं, अँटायपीला छळणाऱ्या राणीचं, जिला जुळ्यांनी बैलाला बांधून मारलं. ग्रीक लेखक प्लूटार्क लिहितो, की ते कुठे आहे हे घोडदळाच्या सेनापतीखेरीज कुणाला ठाऊक नसे. मुदत संपली की जुना सेनापती नव्याला एकटा घेऊन रात्री तिथे जाई, दोघं अग्नीशिवाय विधी करत, खुणा पुसत, आणि अंधारात वेगवेगळ्या वाटांनी निघून जात. हे थडगं अजून सापडलेलं नाही.

इ.स.पू. 335 मध्ये अलेक्झांडरनं थीब्ज जमीनदोस्त केलं. आपल्याकडे झेलमच्या काठापर्यंत आलेला सिकंदर तो हाच, त्याआधी नऊ वर्षं. सहा हजार मारले, तीस हजार गुलाम म्हणून विकले, असे प्राचीन लेखकांचे आकडे आहेत. देवळं आणि पिंडार कवीचं घर तेवढं सोडलं. या विध्वंसात शेजारची बिओशियन गावंही उत्साहानं सामील होती, थीब्जनं त्यांना पूर्वी कमी छळलं नव्हतं. वीसेक वर्षांनी मॅसिडोनियाचा सत्ताधीश कॅसँडर यानं शहर पुन्हा वसवायला घेतलं आणि त्यासाठी ग्रीक जगातून वर्गण्या आल्या. वर्गणीदारांची यादी दगडावर कोरलेली मिळाली आहे. इलेक्ट्रा वेशीच्या दोन गोल बुरुजांचे पाये आज गावाच्या दक्षिण टोकाला दिसतात. सात वेशींपैकी डोळ्यांना दिसते ती ही एवढीच. सात हा आकडा कवींचाच, असं विलामोवित्स या जर्मन पंडितानं 1891 मध्ये मांडलं होतं, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही.

या सगळ्यात पलीकडच्या किनाऱ्याचं म्हणणं काय होतं, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. कॅडमसवर दावा थीब्जचा. फिनिशियाला त्याची खबर तरी होती का? लेबनॉनमधल्या सायडनला सापडलेल्या एका शिलालेखात याचं उत्तर मिळालं. इ.स.पू. 200 च्या सुमाराचा हा लेख. डायोटिमस नावाच्या सायडनच्या न्यायाधीशानं ग्रीसमध्ये नेमिआच्या खेळांत रथांची शर्यत जिंकली, आणि नगरानं ग्रीक भाषेत कविता कोरून त्याचा गौरव केला. अजीनॉरच्या वंशजांच्या घरी त्यानं हे यश आणलं, असं ती कविता म्हणते. आणि पुढे म्हणते, की कॅडमसचं पवित्र नगर थीब्जही आनंदलं आहे, आपल्या मातृनगरीला असा विजय मिळालेला पाहून. थीब्ज अलेक्झांडरनं उद्ध्वस्त केलं होतं, टायरही त्यानंच तीन वर्षांनी वेढा घालून घेतलं होतं. तरी सव्वाशेहून अधिक वर्षांनी सायडनमध्ये कुणीतरी बसून लेकीचं नाव घेत होतं, आणि ते ग्रीकमध्ये, मूळ आपल्याकडून गेलेल्या अक्षरांत लिहून ठेवत होतं.